कारवान-पश्मीच्या पिल्लांचं चेकाळणं: तेज कुत्रं आणि पेटलेलं कुत्रं यातला फरक कसा ओळखायचा

शिवार_लातूर

लातूर, उदगीर, देगलूर, धाराशिव या पट्ट्यात कारवान किंवा पश्मी (शिकारी कुत्र्यांची इथली जात) पाळणारे कौतुकानं सांगतात, "लई तेज हाय, जागेवर ठरतच न्हाई." यातली बरीच कुत्री तेज नसतात, चेकाळलेली म्हणजे अतिउत्तेजित असतात. फरक डोळ्यांनी ओळखता येतो. तो वेळेवर ओळखला नाही तर दीड वर्षानंतर तेच कुत्रं शेळी फाडतं किंवा दाव्यावर गरगर फिरत राहतं, आणि मग लोक ते विकायला काढतात. म्हणून हा धागा.

ही नजरेनं शिकार करणारी जात आहे. वासावर चालणारं कुत्रं चेकाळलं की आरडाओरडा करतं, घरभर कळतं. कारवानचं सुरू होतं ते शांततेत, आणि मालक तिथंच फसतो.

आधी तोंड मिटतं. धापणारं कुत्रं एकदम तोंड बंद करून नाकानं श्वास घ्यायला लागलं की त्याला काहीतरी दिसलेलं असतं. मान वर, कानांची मुळं पुढं, भार पुढच्या पायांवर, कधी एक पाय उचललेला. इथपर्यंत काहीच बिघडलेलं नाही, ते त्याचं कामच आहे. पुढची खूण मागच्या मांडीत दिसते. कारवानची कातडी पातळ आणि केस आखूड असल्यानं मांडीचा थरथराट दोन-तीन हातांवरून दिसतो. त्यानंतर घशातून बारीक कण्हल्यासारखा आवाज, मग उड्या, मग दाव्याला चावे. शेवटी जवळ जे असेल त्याला चावा: शेजारचं कुत्रं, मालकाची पोटरी. तो चावा मालकावरचा राग नसतो. पळायची वाट बंद झाली की तोंड जवळच्या वस्तूवर चालतं, एवढंच.

थरथराट सुरू झाल्यापासून चाव्यापर्यंत कधी कधी अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. म्हणून कुत्रं तिथून हलवायचं ते मांडी थरथरण्याच्या आधी.

तीन चाचण्या, याच क्रमानं:

पहिली, हळू आवाजात नाव घ्या. कान मागं वळला तरी पुरे. कानही हलला नाही तर कुत्रं हद्दीबाहेर गेलंय.

दुसरी, नाकासमोर खाऊ धरा. नेहमीसारखा घेतला तर ठीक. बोटांसकट ओढून घेतला तर उत्तेजन चढतंय. नाकाला लागूनही दिसलाच नाही तर शिकवणं बंद करून तिथून निघायचं.

तिसरी, दावं सैल ठेवून तीन-चार पावलं मागं सरका. कुत्रं सोबत वळलं तर अजून तुमचं आहे.

सगळ्यात खात्रीची खूण मात्र नंतर मिळते. ससा दिसेनासा झाला, मोटारसायकल गेली, आता कुत्रं उतरायला किती वेळ घेतं? दोन-तीन मिनिटांत अंग झटकून जमीन हुंगायला लागलं तर तो जोश. पंधरा मिनिटांनीही क्षितिजावर नजर, बसतंय-उठतंय, पाणी पीत नाही, तर ते अतिउत्तेजन. कुत्रं किती चढतं यापेक्षा किती लवकर उतरतं हे पाहा.

तुराटी

दादा, छान सुरुवात केलीत. थोडी भर घालते.

पश्मीत कानावर लांब रेशमी केस असतात, त्यामुळे कान पुढं झाला की मागं हे टोकाकडं बघून कळत नाही. कानाचं मूळ आणि कपाळाची कातडी बघायची. कपाळ ताणलं की मूळ पुढं सरकलेलं असतं.

धापण्यातही फरक आहे. उन्हानं धापणारं कुत्रं जीभ सैल सोडतं. उत्तेजनानं धापणाऱ्याच्या जिभेचं टोक रुंद आणि वर वळलेलं, ओठांचे कोपरे मागं ओढलेले, गालावर वळ्या. जानेवारीतल्या थंड सकाळी सावलीत बसून कुत्रं असं धापत असेल तर ती दमणूक नाही. भर उजेडात बाहुल्या मोठ्या दिसणं आणि डोळ्याचा पांढरा भाग लालसर होणं, हीसुद्धा खूण धरा.

आणि बारीक खुणा लोक सोडून देतात: झोप आलेली नसताना जांभई, खाणं समोर नसताना ओठ चाटणं, अंग ओलं नसताना झटकणं, मधेच पट्टा खाजवणं. एक-दोनदा दिसलं तर दुर्लक्ष करा. पाच मिनिटांत तीन-चार खुणा एकामागून एक आल्या तर कुत्र्याला ती जागा झेपत नाहीये.

गोदाकाठ_नांदेड

पिल्लांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण पिल्लाचं चेकाळणं आणि मोठ्या कुत्र्याचं चेकाळणं यांची मुळं वेगळी. मोठ्याचं बहुतेक वेळा शिकारीच्या नजरेतून येतं, पिल्लाचं बहुतेक वेळा झोप न झाल्यानं.

दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसरात्र मिळून १८ ते २० तास झोप लागते. वाड्यात, आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) माणसांची ये-जा, लेकरं, कोंबड्या, वासरं यांत ती मिळत नाही. पिल्लू स्वतःहून झोपायला जात नाही. जितकं थकतं तितकं जास्त उधळतं, आणि घरचे म्हणतात, "अजून दम आहे, अजून पळवा." पळवलं की आणखी चढतं.

थकून चेकाळलेल्या पिल्लाच्या खुणा: चावा रोजच्यापेक्षा जोराचा आणि सोडायला उशीर. साडीचा काठ, पायजम्याची नाडी, पायाची बोटं यांवरच झडप. ढुंगण खाली घालून गोल गोल पळणं आणि पळताना बाजेला, उंबऱ्याला धडकणं. उशीवर, पायावर चढणं. भिंतीकडं बघून भुंकणं. माती खरवडणं. "नको" म्हटलं की दुप्पट येणं. दिवे लागायच्या वेळी हे जास्त दिसतं, कारण दिवसभराची झोप तोपर्यंत तुटलेली असते.

आधी साध्या गोष्टी तपासा: शू-शी झाली का, तहान आहे का, शेवटचं खाणं किती वाजता, जंतांचं औषध दिलंय का, कानात किंवा बोटांच्या बेचक्यात गोचीड आहे का. हे सगळं ठीक असेल तर झोपवायचं. ४५ मिनिटं ते तासभर जागं, मग दीड-दोन तास झोप, हा ढोबळ हिशोब. चेकाळल्यावर झोपवू म्हटलं तर झोपत नाही, म्हणून घड्याळ बघून आधीच.

कुठं झोपवायचं? आडोसा लागतो. ओट्याचा कोपरा, त्यापुढं बाज आडवी उभी करून. खाली बारदान, वरून अंधार. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत कोंडू नका. लेकरांना एकच नियम सांगा: पिल्लू बाजेच्या पलीकडं असताना हाक मारायची नाही.

आणि पिल्लाला चहा-बिस्कीट देणं बंद करा. चहातलं कॅफिन कुत्र्याला चढतं, जास्त झालं तर विषारी आहे.

बालाघाटचा

पाच महिन्यांचा कारवान नर आहे, आखाडा अंबाजोगाईच्या बाजूला. दिवसभर शांत. संध्याकाळी शेळ्या घरी यायच्या वेळेला साखळीवर उभा राहतो, कण्हतो, उड्या मारतो, नंतर रात्री जेवत नाही. शेळ्यांना चावलेला नाही अजून. मोकळा सोडून सवय करावी असं गावातले म्हणतात. काय करावं?

शिवार_लातूर

@बालाघाटचा, मोकळा सोडू नका. शेळी पळाली की तो पळणार, आणि पाठलाग हेच त्याचं बक्षीस. शिकारीची साखळी अशी: नजर, दबा, पाठलाग, पकड, मारणं, फाडणं. कारवानमध्ये पाठलागाची कडी पिढ्यान्‌पिढ्या निवडून पक्की केलेली आहे. एकदा पाठलाग झाला की पुढच्या वेळी तो आणखी लांबून पेटतो. चावला नाही म्हणजे सवय झाली असं नसतं.

आजपासून एवढं करा. शेळ्या यायच्या अर्धा तास आधी त्याला साखळीवरून काढून आत, आडोशाला न्या. चघळायला द्या. रोजचा सराव तुटायला हवा, ती पहिली अट. आठवडाभर फक्त हेच.

मग शिकवणी. दहा मीटरचा नायलॉन दोर, अंगावर हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा). दोर गळपट्ट्याला बांधायचा नाही, कारण ही जात दोन-तीन झेपांत वेग घेते आणि दोर संपला की सगळा झटका मानेवर येतो. दोर हाताला गुंडाळायचा नाही, तळहाताला मोजे घाला.

शेळ्या चरत असताना, येताना नव्हे, लांब उभं राहा. किती लांब ते कुत्रं सांगेल: शेळ्यांकडं बघतोय, पण खाऊ नेहमीसारखा घेतोय, असं अंतर. कुणाचं ते ४० मीटर असतं, कुणाचं १५०. त्यानं शेळीकडं बघितलं की लगेच "हां" म्हणा आणि खाऊ तुमच्या पायाशी जमिनीवर टाका. बघितलं, हां, पायाशी खाऊ. पाच मिनिटं, मग निघा. तीन दिवस हे सहज जमलं की पाच मीटर पुढं. बिघडलं की दहा मीटर मागं. मधे एक दिवस काहीच नाही.

महिन्याभरात त्यानं शेळी बघून स्वतः तुमच्याकडं वळावं. तरीही पुढच्या आयुष्यात शेळ्यांत एकटा मोकळा सोडायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांनी धरून चाला.

तुराटी

@बालाघाटचा, साखळी कुठं बांधलीय तेही सांगा. रस्त्याच्या तोंडावर, उंच ओट्यावर बांधलेला कारवान दिवसभर सगळं बघतो आणि कशापर्यंतच पोचत नाही. शांत दिसतो, पण डोकं दिवसभर तापत असतं आणि संध्याकाळच्या शेळ्या हे फक्त निमित्त ठरतं. नजरेच्या कुत्र्याला नजरेआड करणं हा निम्मा उपाय आहे. तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा चार फुटी कूड रस्त्याच्या बाजूनं घाला. बसल्यावर डोळा कुडाच्या वर जायला नको. कडब्याच्या गंजीमागची जागाही चालते, हवा खेळती असेल तर.

बालाघाटचा

रस्त्याच्या तोंडावरच बांधतो, राखणीसाठी. कूड घालतो. मग राखण कशी होईल?

तुराटी

आवाज आणि वास त्याला कुडाआडूनही कळतात. अनोळखी माणूस आला तर भुंकेलच. फक्त प्रत्येक मोटारसायकलीमागं जीव जाळणार नाही.

पाटोदेकर

मला हे सगळं थोडं जास्तच वाटतंय. शिकारी कुत्र्याचा जोश मारला तर राहिलं काय? आमच्याकडं जुनी माणसं पिल्लाला मुद्दाम पेटवत. अंधाऱ्या खोलीत बांधायचं, उपाशी ठेवायचं, ससा दाखवायचा आणि सोडायचं. तशी कुत्री पळायची.

शिवार_लातूर

पाटोदेकर काका, आदरानं पण स्पष्ट लिहितो.

कायद्याची गोष्ट आधी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत फक्त मारणं नाही. पकडणं, कुत्र्यानं पाठलाग करणं, हुसकावणं, आमिष लावणं आणि यांतला कुठलाही प्रयत्न हीसुद्धा शिकारच. ससा, काळवीट, चिंकारा, कोल्हा, खोकड सगळे संरक्षित. शेपूट हलवत परत आलेल्या कुत्र्यामुळेही मालक तुरुंगात जाऊ शकतो. आणि जिवंत कोंबडी किंवा पकडलेला ससा बांधून पिल्लाला पेटवणं हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसतं. इथं त्याचे सल्ले देऊ नयेत.

आता पळण्याची गोष्ट. कारवान अगदी थोड्या वेळासाठी पूर्ण वेगानं पळतो. दाव्यावर वीस मिनिटं थरथरत, कण्हत उभं असलेलं कुत्रं सुटायच्या आधीच तापलेलं असतं. नाडी वाढलेली, अंगाचं तापमान चढलेलं, स्नायू ताठ. ते सुटतं जोरात, पण वळणावर पाय चुकतो, तारेचं कुंपण दिसत नाही, हाक ऐकू येत नाही. शांत उभं राहून हुकमावर सुटणारं कुत्रं तेवढंच पळतं आणि परतही येतं. जोश काढून टाका असं कुणी म्हणत नाही. त्याला चालू-बंद करता यावं, एवढीच मागणी आहे.

उपाशी ठेवल्यानं कुत्रं चिडचिडं होतं आणि खाण्यावरून अंगावर यायला शिकतं. अंधाऱ्या खोलीतून उजेडात सोडलेलं पिल्लू सगळ्यालाच बिथरतं, त्यात पाहुणे आणि लेकरंही आली.

पाटोदेकर

कायद्याचं मान्य. शिकार आम्हीही करत नाही. पण मग या जातीला पळवायचं कसं? नुसतं बांधून ठेवणं हाही अन्यायच आहे.

गोदाकाठ_नांदेड

हा प्रश्न रास्त आहे, काका. पळण्याची भूक भागवलीच पाहिजे. बांबू-चिंधीचा खेळ करून बघा.

पाच फुटी बांबू, टोकाला सहा-सात फूट दोरी, दोरीला फडकं किंवा जुन्या पोत्याचा तुकडा. चिंधी जमिनीवर स्थिर. कुत्रं चारही पाय जमिनीवर ठेवून दोन सेकंद थांबलं की मगच चिंधी हलवायची. दहा-पंधरा सेकंद पळवा आणि पकडू द्या. पकडू दिलं नाही तर उत्तेजन उतरायला जागाच राहत नाही. लेझरचा लाल ठिपका याच कारणानं वाईट: हाताला काही लागत नाही आणि कुत्रं पुढं भिंतीवरच्या सावल्यांमागं लागतं. पकडल्यावर ओढाओढ न करता खाऊच्या बदल्यात सोडवून घ्या. असे तीन-चार पाठलाग, पाच मिनिटांत खेळ बंद.

बंद करण्याची पद्धत महत्त्वाची. चिंधी पोत्यात गेली की लगेच मूठभर खाऊ किंवा भाकरीचे बारीक तुकडे गवतात फेका. नाक खाली गेलं की डोकं उतरतं. दहा मिनिटं हुंगत फिरू द्या, मग पाणी, मग आडोसा. खेळ संपवून थेट साखळीला बांधलेलं कुत्रं तासभर धुमसत राहतं.

सहा-सात महिन्यांच्या आत चिंधी जमिनीलगत, सरळ रेषेत, हळू. उड्या आणि झटक्याची वळणं हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत नकोत, या जातीत त्याला सव्वा-दीड वर्ष लागू शकतं.

जागा बघून निवडा. मार्चनंतर आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात, त्यात पळत्या कुत्र्याचा पुढचा पाय गेला की मनगट मोडतं. नांगरलेल्या ढेकळांतही नको. सोयाबीनची, तुरीची कापणी झालेल्या रानात उभे खुंट पंजा फाडतात. गवताचा माळ किंवा नदीची कोरडी वाळू उत्तम.

पशुवैद्य_परभणी_बाजू

धागा चांगला चाललाय. वैद्यकीय बाजूचे काही मुद्दे घालतो, कारण "चेकाळलंय" म्हणून दुर्लक्ष झालेली जनावरं दवाखान्यात उशिरा पोचतात.

तापमान. कुत्र्याचं नेहमीचं अंगातलं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस. उत्तेजनानं आणि पळण्यानं ते ४० च्या वरही जातं आणि सावलीत, शांत बसल्यावर उतरायला लागतं. ४१ च्या पुढं उष्माघाताचा धोका. साधा डिजिटल थर्मामीटर घरी ठेवा, टोकाला तेल लावून गुदद्वारातून घ्यायचं. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२-४३ ला असताना चेकाळलेलं कुत्रं स्वतःहून थांबत नाही. थांबवावं लागतं.

उत्तेजनाचं धापणं सावलीत दहा मिनिटांत कमी होतं. उष्माघातात होत नाही. हिरड्या विटेसारख्या लाल, लाळ घट्ट आणि चिकट, चाल लडखडती, उलटी, नजर हरवलेली. अशा वेळी आधी गार करा, मग गाडीत घाला. सगळ्या अंगावर पाणी ओता, पंखा किंवा मोकळी हवा लागू द्या. ओलं पोतं अंगावर पांघरून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते. तापमान ३९.५ ला आलं की पाणी ओतणं थांबवा. बरं दिसलं तरी दाखवा, कारण मूत्रपिंडावरचा परिणाम एक-दोन दिवसांनीही दिसतो.

लघवी. जोरात पळाल्यानंतर लघवी चहासारखी तपकिरी, कंबर ताठ, मागचे पाय दुखरे: स्नायू फुटलेत. त्याच दिवशी सलाईन लागतं. या अंगकाठीच्या कुत्र्यांत हे होतं आणि उत्तेजित अवस्थेत पळालेल्यांत जास्त.

पोट. छाती खोल असल्यानं पोटाला पीळ पडण्याचा धोका आहे. भरल्या पोटी पळवू नका, आणि पळाल्यावर श्वास पूर्ण शांत झाल्याशिवाय जेवण देऊ नका. पोट फुगलं, ओकारी येते पण काहीच पडत नाही, कुत्रं अस्वस्थ: एक मिनिट थांबू नका.

मेंदूचे आजार. हे नीट वाचा. शांत स्वभावाचं कुत्रं एक-दोन दिवसांत एकदम बदललं, हवेत चावतं, आवाज घोगरा झाला, लाळ गळते, गिळता येत नाही, खालचा जबडा लोंबतो: हे चेकाळणं समजू नका, रेबीजचा संशय धरा. तोंडात हात घालू नका, बंद करा, पशुवैद्याला कळवा. चावा किंवा लाळेचा संपर्क झालेल्या माणसानं जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून लगेच सरकारी दवाखान्यात जावं. पिल्लाला रेबीजची पहिली लस तीन महिन्यांची झाल्यावर, मग पुढचे डोस वेळापत्रकाप्रमाणे. लस न दिलेल्या पिल्लाला ताप, डोळ्यात चिपडं आणि जबडा चघळल्यासारखा हलणं असेल तर तो डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) असू शकतो.

औषधं. माणसाच्या झोपेच्या गोळ्या देऊ नका. या जातीच्या अंगावर चरबी अगदी कमी असते, त्यामुळे भुलीची काही औषधं, विशेषतः थायोपेंटल, उशिरा उतरतात. कारवान किंवा पश्मी आहे हे डॉक्टरांना सांगा. परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, गुंतागुंतीची केस तिथं नेता येते.

तुराटी

डॉक्टर, ओल्या पोत्याचा मुद्दा सगळ्यांनी लिहून ठेवावा. आपल्याकडं सर्रास पांघरतात.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही: एकावर एक साचणं. फटाका वाजला, त्यातून कुत्रं सावरलं. दुपारी मळणी यंत्र आलं, तेही झेपलं. संध्याकाळी पाहुण्यांचं लेकरू पळत आलं आणि कुत्र्यानं चावा घेतला. लोक म्हणतात, "लेकरानं काहीच केलं नव्हतं." खरं आहे, पण दिवसाचा साठा आधीच भरला होता. घबराटीची पहिली लाट काही मिनिटांत ओसरते, कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) उतरायला मात्र तास लागतात, आणि ताण रोजचा असेल तर दिवसच्या दिवस. चूल विझली तरी तवा तापलेलाच असतो.

म्हणून पंचांग बघून चाला. पोळा, गणपतीची मिरवणूक, दिवाळी, लग्नसराईतली डीजेची वरात, ऊसतोडीच्या टोळ्या आणि रात्रीचे ट्रॅक्टर. त्या दिवशी शिकवणी नाही, खेळ नाही. पुढचे दोन दिवस फक्त हुंगत फिरणं, चघळणं, झोप.

बालाघाटचा

माळेगावच्या (नांदेड जिल्हा) खंडोबाच्या यात्रेला नेता येईल का? तिथं श्वान प्रदर्शन असतं.

गोदाकाठ_नांदेड

या वर्षी पाच महिन्यांच्या पिल्लाला नको. माळेगावला घोडे, गाढवं, उंट, कुत्री, भोंगे, भंडाऱ्याची उधळण, सगळं एकाच मैदानात. पिल्लानं नव्या गोष्टी बघायला हव्यात हे खरं, आणि तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्यासाठी सगळ्यात मोलाचा. पण एका दिवशी एकच नवी गोष्ट, लांबून, दहा मिनिटं. यात्रेत त्याला पळून जायला जागा नसते. बिथरलेलं पिल्लू तिथं गप्प उभं राहतं, शेपूट पोटात, खाऊ नाकारतं, आणि मालकाला वाटतं किती गुणी आहे.

मोठं कुत्रं नेणार असाल तर टेम्पोतून उतरल्यावर थेट गर्दीत शिरू नका. कडेला वीस मिनिटं हुंगू द्या. पाणी घरचं. मैदानात अर्धा तास, मग गाडीमागं पडद्याआड तासभर. पट्टा चार-पाच सेंटिमीटर रुंद हवा. या जातीचं डोकं मानेपेक्षा बारीक असल्यानं साधा पट्टा मागं ओढला की निघून येतो. ओढल्यावर थोडा आवळणारा आणि ठरावीक मापाला थांबणारा मार्टिंगेल पट्टा घ्या. पूर्ण आवळत जाणारी साखळी नको.

पाटोदेकर

बारदानावर बसवायची शिकवणी कुणीतरी सांगितली होती. त्याचा या विषयात उपयोग होतो का?

शिवार_लातूर

होतो काका, आणि चेकाळण्यावर रोज करता येईल असं यापेक्षा स्वस्त काही नाही.

एक बारदान चौपट घडी करा. ते फक्त शिकवणीच्या वेळी काढायचं. पिल्लानं त्यावर पाय ठेवला की खाऊ बारदानावरच ठेवा, हातातून देऊ नका. बसलं की आणखी एक, आडवं झालं की तीन, एकेक करून. कुल्ला एका बाजूला टेकवून, मान खाली ठेवून पडलं की खरं सैल झालं. पाय अंगाखाली घेऊन उडीच्या तयारीत पडलेलं कुत्रं अजून जागरूक असतं, त्याला सैल समजू नका. हुकूम द्यायचा नाही, दाबून बसवायचं नाही. तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. घरात जमलं की ओट्यावर, मग अंगणात, मग बांधावर. जागा बदलली की वेळ पुन्हा एक मिनिटावर आणा.

दोन-तीन महिन्यांत बारदान टाकलं की कुत्र्याचा श्वास हळू होताना दिसतो. झोपलेल्या मोठ्या कुत्र्याचे श्वास मिनिटाला ३० च्या आत असतात. छातीचा चढ-उतार १५ सेकंद मोजा, चारनं गुणा. हा आकडा रोज लिहिला तर कुत्रं उतरतंय की नाही याबद्दल वाद घालावा लागत नाही.

बालाघाटचा

कूड घातला. शेळ्या यायच्या वेळेला आत नेतोय, कण्हणं कमी आहे, रात्री जेवतोय. शिकवणी सोमवारपासून. शेळ्यांजवळ जाताना तोंडाला जाळी लावावी म्हणतो, बाजारात कापडी पट्टीची मिळतेय. चालेल?

पशुवैद्य_परभणी_बाजू

कापडी पट्टीची नको. ती तोंड आवळून बंद करते, कुत्र्याला धापता येत नाही, आणि धापणं हाच त्याचा अंग गार करायचा मुख्य मार्ग. आपल्या हवेत ते जिवावर बेतेल. पिंजऱ्यासारखी जाळी घ्या, प्लास्टिकची किंवा रबर चढवलेल्या तारेची, लांब तोंडाच्या जातीची. माप असं: डोळ्यांच्या रेषेच्या बोटभर खालून नाकाच्या शेंड्यापर्यंतची लांबी, त्यात एक सेंटिमीटर जादा. घेर मोजताना तोंड धापल्यासारखं उघडं असताना मोजा, मिटलेलं असताना नाही. जाळी डोळ्याला टोचायला नको आणि घातल्यावर पाणी पिता यायला हवं.

थेट चढवू नका. पहिले चार-पाच दिवस जाळीच्या आत खाऊ ठेवून त्यानं स्वतः तोंड घालू द्या, पट्टा लावायचा नाही. मग एक सेकंद पट्टा, मग पाच, मग मिनिटभर. पंज्यानं काढायला लागला तर वेळ निम्मी करा. शेळ्यांजवळ पहिल्यांदा जाळी घालून नेलं तर शेळी दिसणं आणि तोंड बांधलं जाणं यांची सांगड बसते, म्हणून तिची सवय आधी घरात पूर्ण होऊ द्या आणि सोमवारची शिकवणी जाळीशिवाय, दोरावर, लांबूनच करा.